तळघरातला जावई

आमच्या तळघरात काम करणारी माणसं चार आणि काम न करणारा एक. त्याचं नाव जावई.

तळघर ग्रंथालयाचं. वर वाचणारे, खाली आम्ही. वाचणाऱ्यांनी कणा मोडून, पानं फाडून, चहा सांडून जी पुस्तकं जेरीस आणलेली असतात ती आमच्याकडे उतरतात. आम्ही ती उसवतो, शिवतो, खळ लावतो, नवा पुठ्ठा चढवतो आणि परत वर धाडतो. जावई म्हणजे आक्कांचा वेल. आक्का आमच्यातल्या सगळ्यात जुन्या. त्यांनी कधीकाळी कोपऱ्यातल्या कुंडीत वीतभर फांदी खोचली होती. ती पाण्याच्या पाइपावर चढली आणि छताखालून सगळ्या खोलीला वळसा घालून दारावर जाऊन टेकली. काम काही नाही, बसायला सगळ्यात उंच जागा, आणि पाणी वेळेवर मिळालं नाही की तोंड पाडून बसणार. मग जावई नाही तर दुसरं काय म्हणणार?

आक्कांचं आणि माझं कधी पटलं नाही. खळ पातळ हवी की घट्ट, दोरा मेणावरून एकदा ओढायचा की दोनदा, पंखा लावायचा की नाही, कशावरही आमची जुंपायची. त्या मला मिरची म्हणायच्या, तेही तोंडावर. मी त्यांना काय म्हणायचे ते तोंडावर म्हणण्यासारखं नव्हतं. त्यामुळे गुडघ्याच्या ऑपरेशनला निघताना त्यांनी झारी माझ्या हातात ठेवली तेव्हा मी चक्रावलेच.

"गोगलगायीला द्या ना," मी म्हटलं. गोगलगाय म्हणजे आमची शिवणारी. स्वभावानं गरीब, हातानं सावकाश, आणि बोलली तर भिंतीलाही ऐकू जाणार नाही अशी. "ती प्रेमानं सांभाळेल."

"प्रेमानं सांभाळेल आणि मेला की प्रेमानं रडेल," आक्का म्हणाल्या. "तू त्याला मरू द्यायची नाहीस. माझ्यापुढे नाक खाली होईल ना तुझं!"

मग पिशवी खांद्याला अडकवताना हसत म्हणाल्या, "मुलगा म्हणतोय, आता पुरे, घरीच राहा. सूनही तेच म्हणतेय. बघू. जावई टिकला तर येईन. तो गेला तर समजेन की माझंही इथलं दाणापाणी संपलं."

मी त्यांना ओळखून होते. आक्का चिडून काही बोलल्या तर सोडून द्यायचं, पण हसत बोलल्या तर ते पक्कं धरायचं. मला आक्का परत हव्या होत्या. भांडायला का होईना, पण हव्या होत्या.

आक्का गेल्या आणि लगोलग खोलीतले दिवे बदलले. जुन्या नळ्या गेल्या, नवे चपटे दिवे आले. बटण काढूनच टाकलं आणि भिंतीत वर एक पांढरा डोळा बसवला. माणूस हलला की डोळ्याला कळतं आणि दिवे लागतात. माणूस हलला नाही की डोळा समजतो, खोली रिकामी आहे. वीज वाचवायची ही युक्ती आवारातल्या सगळ्या इमारतींत एकाच वेळी आली. जिन्यात, गल्लीत ती छान चालते. पण पुस्तक शिवणारा माणूस हलतो किती? बोटांची पेरं आणि फार तर मनगट! आम्ही खाली मान घालून बसायचो आणि थोड्या वेळानं डोळा आम्हाला मेलेलं धरून अंधार करायचा. मग कुणीतरी हात वर करायचा. उंट बहुधा. उंट म्हणजे आमचा पुठ्ठे कापणारा, त्याचा हात वर गेला की जवळजवळ छताला लागतो.

दोन-चार दिवसांत माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दाभण भोकात घालावं आणि अंधार! मी वर जाऊन व्यवस्थापक साहेबांशी भांडले. छताचे दिवे बदलायला त्यांनी साफ नकार दिला, पण प्रत्येकाच्या टेबलावर एक छोटा दिवा मिळवूनच मी खाली आले. उंटानं टाळ्या वाजवल्या. त्यानंतर छताचे दिवे गेले तर गेले, आम्हाला फरक पडेना. आपापल्या उजेडाच्या वर्तुळात मान घालून आम्ही खुशाल कामं करायला लागलो. मी स्वतःवर फार खूश होते.

वर छताखाली जावई अंधारात बसला होता, हे कुणाच्या डोक्यात येणार?

पहिलं पान पिवळं झालं तेव्हा मी म्हटलं, होतं असं. मग दुसरं, तिसरं. मग एका सकाळी माझ्या खळीच्या वाडग्यातच एक पान पडलेलं. मी पाणी वाढवलं. पानं गळतच राहिली. अशक्तपणा आला असेल, म्हणून मी एक शहाणपण केलं. खळ म्हणजे शेवटी शिजवलेलं पीठच. पोटभरीचीच वस्तू. रोज संध्याकाळी वाडगा धुतल्यावर ते पांढरं पाणी मी कुंडीत ओतायला लागले. आठवड्याभरात मातीवर करडी लव आली आणि असा आंबूस वास सुटला की गोगलगायीनंसुद्धा नाकाला पदर लावला. मी वरची माती खरवडून फेकली. मग माझा टेबलदिवा पाइपाला बांधून वेलाच्या अगदी तोंडाशी लावला. जवळची पानं कागद भाजावा तशी करपली. पहारेकऱ्यानं ते पाहिलं आणि माझी चांगलीच हजेरी घेतली. कागदांनी भरलेल्या तळघरात दिवा असा उंच टांगून सोडायचा नाही, हा नियम मला पाठ होता. पण मी हात टेकायच्या बेताला आले होते.

त्यात आक्कांचा फोन.

"जावई काय म्हणतोय?"

"खातोय, पितोय," मी म्हटलं.

"तुझा आवाज का असा?"

"सर्दी," मी म्हटलं आणि फोन ठेवला. माझ्यासमोर टेबलावर तेव्हा तीन पिवळी पानं होती.

माझी भाची कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. रविवारी मी तिच्या घरी जाऊन थडकले आणि ती पानं तिच्यापुढे टाकली. कुठला रोग, कुठलं औषध ते सांग, म्हटलं. तिनं पानं उलटसुलट केली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "मावशी, उजेड बदलला का?"

मी डोळ्याची कथा सांगितली, टेबलदिव्यांची सांगितली. जरा ऐटीतच सांगितली. ती हसायला लागली.

"मावशी, तुमचा जावई आजारी नाही. उपाशी आहे."

"अगं, मी त्याला पीठसुद्धा घातलं!"

तिनं कपाळाला हात लावला. मग मला स्वयंपाकघरात नेऊन शेगडीसमोर उभं केलं. "हे बघ. झाडाचा स्वयंपाक उजेडावर होतो. उजेड तीव्र म्हणजे आच मोठी, दिवस लांब म्हणजे शेगडी जास्त वेळ पेटलेली. उजेड गेला की शेगडी बंद. पण जेवण बंद होत नाही. झाड श्वास घेतं ना, दिवसा आणि रात्रीही, ते त्याचं खाणं. शिजवलेलं त्यात खर्च होतं. शिजवलं जास्त आणि खाल्लं कमी तर ते वाढतं. दोन्ही सारखं झालं तर आहे तिथेच थांबतं. आणि शिजवणंच होत नसेल तर?"

"तर साठवणीतलं काढून खाणार."

"तेच चाललंय. जुनी पानं रिकामी करतोय आणि टाकून देतोय."

"मग मी त्याला गच्चीत नेते. चांगलं ऊन देते, भरपूर!"

"नेशील कसा? तो पाइपाला वेढे घालून बसलाय, मोडून जाईल. आणि ऊन सोसणार नाही त्याला. दिव्यानं करपला ना? भरपूर उजेडात वाढलेल्या पानांचा श्वासही मोठा असतो, खादाड असतात ती. तुमचा जावई मंद उजेडात वाढलाय, त्याची भूक मुळात लहान. थोडक्यात भागवणारा आहे बिचारा. पण अगदीच शेगडी विझवलीत तर तो तरी काय करेल? भूक आणखी कमी करायला त्याला वेळ लागतो, एका दिवसात जमत नाही. त्याला पहिल्यासारखा मंदच उजेड द्या, पण लांब. सकाळी लवकर, संध्याकाळी उशिरापर्यंत. मंद आचेवर जास्त वेळ."

निघताना तिनं आणखी एक विचारलं, "कुंडी कुठे आहे? खळ शिजवायच्या शेगडीशेजारी तर नाही ना?"

तिथेच होती.

"सरकवा. उकाड्यात त्यांचा श्वास वाढतो. आधीच उपाशी, वर भूक वाढवताय!"

सोमवारी मी कुंडी सरकवली आणि थेट वर गेले. साहेबांनी कानाला लावलेला फोन जरासा बाजूला धरून माझं ऐकलं. साहेबांची एक सवय आहे. फोनवर बोलताना त्यांना एका जागी उभं राहता येत नाही. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांच्या येरझाऱ्या चालू असतात, आणि आपण त्यांच्याशी बोलायचं तर मागे मागे फिरावं लागतं. "एका वेलासाठी इमारतीचा नियम बदलू?" ते वळता वळता म्हणाले. "तुम्ही हला की. तुम्ही हललात की दिवे लागतात. त्यासाठीच तर बसवलेत."

मी जिना उतरेपर्यंत रागानं फणफणत होते. शेवटच्या पायरीवर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हला की!

आधी आम्ही आळशी उपाय केला. उंटानं पंख्याला बांधणीच्या कापडाच्या लाल पट्ट्या बांधल्या. पट्ट्या झोकात फडफडल्या आणि त्या फडफडीत दिवे शांतपणे विझले. डोळ्याला नुसती हालचाल नको होती, अंगाची ऊब असलेली हालचाल हवी होती. म्हणजे माणूसच हवा.

मग पाळ्या लावल्या. उंट सकाळी सगळ्यांच्या आधी यायचा, मी सगळ्यांनंतर जायचे. मधल्या वेळात ज्याची पाळी त्यानं बसायचं नाही. खळ ढवळायची तर उभ्यानं, पानांचे फर्मे क्रमानं लावायचे तर टेबलाभोवती फिरत. पहिल्या दिवशी आम्हाला एकमेकांकडे बघायची लाज वाटत होती. उंट हात वर करकरून थकला आणि म्हणाला, "च्यायला, जावयाला वाढता वाढता माझीच हाडं मोडणार."

दुसऱ्या दिवशी गोगलगायीची पाळी आली. ती उठली, दोन टेबलांच्या मधे उभी राहिली आणि आमच्याकडे पाठ करून म्हणाली, "हसायचं नाही हं."

आणि ती नाचायला लागली.

मी इतकी वर्षं त्या बाईच्या शेजारी बसले होते. तिच्या डब्यात काय असतं ते मला वासावरून कळायचं. तिला नाचता येतं हे मात्र मला माहीत नव्हतं. लग्नाआधी शिकली होती म्हणे, मग राहून गेलं. पाय जमिनीला लागतायत की नाही कळू नये अशी ती वळत होती. हातात मेणाचा दोरा तसाच होता, दिवे लखलखीत पेटलेले होते आणि उंट तोंड उघडं टाकून बघत होता. कुणी हसलं नाही. थांबली तेव्हा तिला धाप लागली होती आणि चेहरा असा फुलला होता की मला एकदम रडू आलं. मी नाक ओढून म्हटलं, "एवढी कला पोटात ठेवून बसली होतीस, मुकी!"

त्यानंतर तळघराची कळाच बदलली. उंट पुठ्ठे कापायच्या तालावर गायला लागला, बेसूर, पण मनापासून. मी पाळीत दारापर्यंत उलट्या पावलांनी जाऊन यायला शिकले. माझी कंबर धरायची ती सुटली. गंमत म्हणजे काम साचलं नाही, उलट उरकायला लागलं. वरून पुस्तकं घेऊन येणारे लोक परत जायचं नाव घेईनात.

ही बातमी साहेबांपर्यंत जाणारच होती. एके दुपारी ते तावातावानं खाली आले. तळघरातले दिवे इतके जळतात कसे, हे त्यांना बघायचं होतं. नेमका तेव्हाच त्यांचा फोन वाजला. तो कानाला लावून ते बोलत बोलत चालायला लागले, दारापासून कुंडीपर्यंत, कुंडीपासून दारापर्यंत. आम्ही तिघं एकमेकांकडे बघत हळूच खाली बसलो. कुणी बोटसुद्धा हलवलं नाही. दिवे लागलेलेच! फोन संपला तेव्हा मी त्यांना खुर्ची दिली नाही. म्हटलं, "साहेब, तुमच्यासारखं जावयाला कुणीच वाढत नाही. जेवल्यानंतरचे फोन इथेच येऊन करत जा."

ते आधी माझ्याकडे, मग वर वेलाकडे बघत राहिले. मला वाटलं, आता गेली नोकरी. पण त्यांनी वेलाखाली जाऊन मान वर केली आणि विचारलं, "खरंच उपाशी आहे?"

दुसऱ्या दिवसापासून साहेब दुपारचे फोन तळघरात करायला लागले.

पानं गळायची थांबली. पण गेलेली पानं काही परत येत नव्हती. पाइपाचा मधला सगळा भाग उघडा पडला होता, नुसती दोरी ओढल्यासारखा. आणि आक्कांचा फोन आला की उद्या येतेय, बघून जाईन. नुसतं येतेय म्हणाल्या असत्या, तर माझ्या जिवात जीव आला असता. बघून जाईन, म्हणाल्या.

त्या सकाळी आम्ही तिघंही लवकर आलो. मी खोली झाडली, कुंडी पुसली, पडायच्या बेतातलं एक पिवळं पान दोऱ्यानं देठाला बांधायला निघाले होते. गोगलगायीनं माझा हात धरला. "नको," ती म्हणाली, "त्यांना कळेल." मग आम्ही आपापल्या जागी बसून वाट बघत राहिलो. इतके दगड होऊन बसलो की पाळी कुणाची हे कुणाच्याच लक्षात राहिलं नाही, आणि दिवे गेले. टेबलदिवे त्या दिवशी अजून कुणी लावलेच नव्हते.

अंधारात जिन्यावर काठीचा आवाज आला. दार उघडलं. आक्कांनी पाऊल आत टाकलं आणि अख्खी खोली उजळली.

त्या दारातच उभ्या राहिल्या आणि मान वर करून पाइपाच्या कडेकडेनं बघत गेल्या, कुंडीपासून दारापर्यंत. उघडा भाग आला तिथे त्यांची नजर थांबली. मला ते बघवेना.

"आक्का, माझ्यामुळे झालं," मी म्हटलं. "टेबलदिवे मीच मागून आणले. फोनवर खोटं बोलले. तो उपाशी होता आणि मला कळलं नाही. पण आता खातोय हो, खरंच खातोय, आम्ही सगळे त्याच्यासाठी नाचतोय इथे…" आणि मग मी भोकाडच पसरलं, या वयात.

"नाचताय?"

मग उंटानं सगळं सांगितलं. डोळा, शेगडी, पाळ्या, साहेब. सांगताना तो चालत होता, कारण पाळी त्याची होती हे त्याला तेवढ्यात आठवलं होतं. आक्का ऐकत होत्या. मधेच त्यांना हसू फुटलं आणि मग त्या काठीवर रेलून इतक्या हसल्या की गोगलगाय त्यांना धरायला धावली.

"डॉक्टरनं काय सांगितलंय माहितीये?" डोळे पुसत त्या म्हणाल्या. "बसून बसून गुडघा गेला, म्हणाला. आता एका जागी बसायचं नाही. थोड्या थोड्या वेळानं उठायचं, चालायचं. आणि घरी सून मला उठू देत नाही. आई बसा, आई मी आणते, आई तुम्ही हलू नका! गुणाची आहे गं पोर, पण महिन्याभरात मला पायाला मुंग्या आल्या." त्यांनी पिशवी खांद्यावरून काढली आणि आपल्या टेबलावर ठेवली. आपल्या जुन्या जागी, खुंटीखाली. "इथे मला कुणी बसू देणार नाही ना?"

"बसून तर बघा," मी म्हटलं.

त्या काठी टेकत निघाल्या. सावकाश, पाइपाच्या खालून, वेल जिथून गेला होता तिथून. आमचे दिवे डोक्यावर नीट पेटलेले होते. दारापाशी, वेलाच्या शेंड्याला, एक पान निघालेलं होतं. आम्ही कुणीच पाहिलं नव्हतं. इवलंसं, पातळ, आरपार दिसावं असं, अजून पुरतं उलगडलेलंही नव्हतं. आक्कांनी काठीच्या टोकानं ते आम्हाला दाखवलं. "बारीक झालाय," त्या म्हणाल्या, "पण जिता आहे." आणि फेरी पुरी करून कुंडीपाशी आल्या.

तिथे थांबल्या. वाकल्या, नव्या गुडघ्यानं जमेल तेवढ्या. मातीचा वास घेतला. मग हळूहळू सरळ झाल्या आणि माझ्याकडे वळल्या.

"मिरचे," आक्का म्हणाल्या, "कुंडीत खळ कुणी ओतली?"

"मी," मी म्हटलं.

"आणि तीही पातळ!"

मग त्या सुरू झाल्या. खळीवरून झाल्या, करपलेल्या पानांवरून झाल्या, माझ्या आईवडिलांपर्यंत जाऊन आल्या. मी कमरेवर हात ठेवून शब्दाला शब्द देत होते. दोघी टेबलाभोवती फिरत भांडत होतो, त्या पुढे, मी मागे. साहेब फोनसाठी खाली आले ते आम्हाला बघून दारातूनच परत गेले. त्या दिवशी पाळ्यांची गरजच पडली नाही. संध्याकाळपर्यंत दिवे एकदाही विझले नाहीत.